तळावरचं पाळणाघर

मुलगा झाल्याचा फोन आला तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते. जानेवारी २०२३ मधली गोष्ट. बाळाचं वजन सांगून झालं, नाक कोणाचं यावर चर्चा झाली, बाळंतीण बरी आहे ना हे मी तीनदा विचारलं, आणि मग भाची म्हणाली, ‘‘मावशी, सगळं ठीक आहे ग. फक्त नंबर लागलेला नाही.’’

मी आयुष्यभर बँकेत काढलेली बाई. नंबर म्हटलं की मला पितळी टोकन आठवतं. आमच्या पिढीने गॅसचा नंबर, टेलिफोनचा नंबर, स्कूटरचा नंबर असं करत अर्धं तरुणपण रांगेतच घालवलं. पण अमेरिकेत, आणि तेही एका दिवसाच्या बाळाचा, कसला नंबर?

‘‘पाळणाघराचा,’’ ती म्हणाली. ‘‘दिवस राहिल्याचं नक्की झालं त्याच आठवड्यात नाव घातलं होतं.’’

त्याचं असं आहे. माझी ही भाची अमेरिकेच्या नौदलात नर्स आहे. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर पुण्याहून तिकडे गेली, तिथलीच झाली, आणि नर्सिंगचं शिक्षण संपल्यावर एके दिवशी गणवेशातला फोटो पाठवून तिने आम्हा सगळ्यांना गार केलं. नवराही नौदलातलाच. तो टेक्सासचा, जहाजावर इंजिनांच्या विभागात. म्हणजे घरात दोन गणवेश आणि दोघांच्याही वेळा दुसऱ्याच कोणी ठरवलेल्या. जहाज एकदा निघालं की सहा-सात महिने, कधी त्याहूनही जास्त, परत येत नाही. हिची रुग्णालयातली ड्यूटी बारा तासांची. माझी थोरली बहीण, म्हणजे या बाळाची आजी, असती तर प्रश्नच नव्हता. ती २०१९ मध्ये गेली. भाऊजींना स्वतःचीच तब्येत सांभाळताना नाकी नऊ येतात. टेक्सासच्या विहीणबाईंची नोकरी चालू, निवृत्तीला सहा वर्षं बाकी.

बाळंतपणानंतर डॉक्टर देतात ती विश्रांतीची रजा आणि वर बारा आठवड्यांची पालकत्वाची रजा. ही बारा आठवड्यांची सोय तिथल्या सैन्यदलांत अगदी अलीकडे, डिसेंबर २०२२ च्या अखेरीस लागू झाली. बाळाने मुहूर्त बरा साधला म्हणायचा. पण कितीही ताणलं तरी रजा मेअखेर संपणार. पुढे काय, या प्रश्नाला मराठी घरात जे उत्तर निघतं तेच निघालं. मी निवृत्त. कादंबरी काय, कुठेही बसून लिहिता येते, असं सर्वांचं मत पडलं (माझं सोडून). आणि माझा व्हिसा तयार होता. मेच्या मध्यावर मी डिंकाचे लाडू, सुंठ आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी घेऊन विमानात बसले. माझ्याच रांगेत एक नाशिकच्या आणि एक कोल्हापूरच्या, दोघी त्याच मोहिमेवर निघालेल्या. एकीचे सहा महिने संपले की तिची विहीण येणार, तिचे संपले की पुन्हा ही. आमच्या घरी मात्र दुसरी फळी नव्हती. नोव्हेंबरात मी परतले की पुढे कोणी नाही. त्याआधी नंबर लागायला हवा होता.

तिकडच्या सैन्यात पाळणाघर हा दयाधर्माचा मामला नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. तळाच्या कुंपणाच्या आत जसं रुग्णालय, दुकान, पेट्रोल पंप, तसं चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर. बाळ सहा आठवड्यांचं झालं की घेतात. देशातल्या आणि परदेशातल्या तळांवर मिळून दीड लाखाच्या वर मुलं या व्यवस्थेत आहेत. अमेरिकेत नोकरी देणाऱ्याने चालवलेली एवढी मोठी पाळणाघर व्यवस्था दुसरी नाही. फी मुलाच्या वयावर नाही, आईबापांच्या एकत्र उत्पन्नावर. खलाशाला कमी, कप्तानाला जास्त, आणि खर्चाचा साधारण निम्मा भार सरकारवर. तान्ह्या मुलाला सांभाळायला सर्वांत जास्त खर्च येतो, पण त्याची फी चार वर्षांच्या मुलाइतकीच. बाहेरच्या खाजगी पाळणाघरात नेमकं उलटं असतं, त्यामुळे जो तो तळावरच्या जागेकडे डोळे लावून बसतो.

आणि जागा नसते. कारण साधं गणित आहे. एका बाईकडे तान्ही मुलं चारच. वर्षाच्या पुढची पाच. दोन वर्षांच्या पुढे सात. चार तान्ह्यांमागे एक पगार, एका खोलीत जास्तीत जास्त आठ पाळणे. नियम शिथिल केला तर रांग एका दिवसात अर्धी होईल, पण तो कोणी शिथिल करत नाही. नंबर एका सरकारी संकेतस्थळावर नोंदवायचा. तिथे तुमच्या नावापुढे क्रम दिसतो आणि तो कधी पुढे सरकतो, कधी मागे. मागे कसा, म्हणून मी बँकेतल्या सवयीने चौकशी केली. क्रम तारखेवर नसून प्रवर्गावर आहे. सर्वांत आधी पाळणाघरातच काम करणाऱ्यांची मुलं. त्या बायका घरी बसल्या तर खोलीच बंद पडेल, म्हणून. त्यानंतर एकट्या सांभाळणाऱ्या किंवा दोघेही गणवेशात असलेल्या आईबापांची, मग ज्याचा जोडीदार पूर्ण वेळ नोकरी करतो अशा सैनिकाची, आणि संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारी बरेच खाली. २०२० पासून तर असा नियम आहे की गरज पडल्यास नागरी कर्मचाऱ्याच्या मुलाला पूर्वसूचना देऊन काढून ती जागा सैनिकाच्या मुलाला देता येते. म्हणजे कोणाचा तरी नंबर लागतो तेव्हा कोणा दुसरीच्या हातात नोटीस पडलेली असू शकते. माझी भाची वरच्या प्रवर्गात होती, तरी थांबली होती. नॉरफोक, सॅन डिएगो, हवाई, वॉशिंग्टनचा परिसर अशा ठिकाणी सैनिकांची दाटी इतकी आहे की वरचा प्रवर्गसुद्धा रांगेतच असतो.

तळावर जागा नाही तर दुसरे रस्ते आहेत. एक म्हणजे घरगुती पाळणाघर. ते चालवणाऱ्या पुष्कळदा सैनिकांच्याच बायका. नवऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली, स्वतःची नोकरी कुठे टिकत नाही, मग घरीच पाच-सहा मुलं सांभाळायची. त्यासाठी प्रशिक्षण, घराची तपासणी, घरातल्या प्रौढांची पार्श्वभूमी पडताळणी, सगळं रीतसर. दुसरा रस्ता तळाबाहेरच्या मान्यताप्राप्त केंद्राचा. तिथली जादा फी एका मर्यादेपर्यंत सरकार थेट त्या केंद्राला देतं. आणि २०२१ पासून काही मोजक्या भागांत, घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या बाईच्या पगारालाही मदत सुरू झाली. कागदावर सगळं चोख. भाची रोज रात्री बाळ झोपल्यावर फोन हातात घेऊन बसायची. एका घरगुती पाळणाघरवालीच्या नवऱ्याची जपानला बदली झालेली. एका केंद्राला मान्यता होती पण तान्ह्या मुलांची खोली नव्हती. एका ठिकाणी जागा होती, पण ते दुसऱ्या दिशेला पन्नास मिनिटांवर. मी बाजूला बसून वाटाणे सोलायची आणि ऐकायची.

माझं स्वतःचं पाळणाघर १९८७ सालचं, डोंबिवलीचं. तीन महिने रजा संपली आणि मी मुलीला समोरच्या इमारतीतल्या काकूंकडे ठेवलं. तळमजल्याच्या दोन खोल्या, अकरा मुलं, साड्यांच्या झोळ्या आणि दुपारी वरणभात. काकू मायाळू होत्या, अजूनही त्यांची आठवण निघाली की मुलगी हळवी होते. पण एक गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेली नाही. एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारी दोन वाजता अवचित गेले, तर अकराच्या अकरा मुलं गाढ झोपलेली. एकही कुरकुरत नव्हतं. माझ्या पोटात खड्डा पडला. अकरा मुलं एकदम कशी झोपतात? मुलांना काहीबाही चाटवून झोपवतात, अशा गोष्टी तेव्हा लोकलच्या डब्यात कानावर यायच्या. मी काकूंना विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. विचारलं असतं आणि उत्तर नको ते आलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला कुठे ठेवणार होते? शंका घेणं मला परवडण्यासारखं नव्हतं. काकूंनी काही केलं असेल असं मला आज वाटत नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, पोरं दमली असतील. पण मी विचारलं नाही हे खरं.

हे आठवण्याचं कारण म्हणजे अमेरिकेच्या सैन्यातल्या पाळणाघरांचा इतिहास. तो वाचताना मला वारंवार ती दुपार दिसत होती.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत आल्या, तेव्हा अमेरिकी सरकारने १९४३ पासून स्वतःच्या पैशाने देशभर पाळणाघरं चालवली. पोर्टलंडला कायझर कंपनीच्या जहाजगोदीत तर चोवीस तास उघडं असणारं पाळणाघर होतं. पाळी संपवून आई मुलाला न्यायला आली की घरी नेण्यासाठी शिजवलेलं जेवणही विकत मिळायचं. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. १९४३ मध्ये! युद्ध संपलं आणि वर्षाच्या आत ही सगळी व्यवस्था गुंडाळली गेली. बायकांनी आता घरी जावं, असा एकूण सूर.

सैन्यात तर त्याहून कडक. १९५१ च्या अध्यक्षीय आदेशानुसार गणवेशातली बाई गरोदर राहिली किंवा तिच्या घरात लहान मूल आलं की तिला सेवेतून काढता येत असे. हे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. पुरुषांच्या बाबतीत जुनं बोलणं प्रसिद्ध होतं: तुला बायको असावी असं लष्कराला वाटलं असतं तर बुटांबरोबर तीही मिळाली असती. पण १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. आता माणसं स्वखुशीने यायला हवीत आणि टिकायला हवीत. टिकणाऱ्या माणसाला संसार असतो, मुलं असतात. ती मुलं मग तळावर मिळेल त्या इमारतीत ठेवली जाऊ लागली, जुन्या बराकी, एकेकाळचे तबेलेसुद्धा. १९८२ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी पाहणी केली तेव्हा कित्येक इमारती आगीच्या आणि स्वच्छतेच्या नियमांत बसत नव्हत्या. सांभाळणाऱ्या बायकांना तळावरच्या दुकानात फळीवर डबे रचणाऱ्यापेक्षाही कमी पगार. काही तळांवर वर्षाला तीनशे टक्के माणसं सोडून जात. आकड्यांची सवय नसलेल्यांसाठी सांगते, एका खुर्चीवर वर्षात तीन माणसं बदलली. बाळाने एक चेहरा ओळखायला लागावं तोवर तो चेहरा गेलेला.

आणि मग १९८० च्या दशकाच्या मध्यात काही तळांवरच्या केंद्रांत मुलांवर अत्याचार झाल्याचे आरोप झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ तळावरचं प्रकरण सर्वांत गाजलं. त्या खटल्यांत पुढे काय झालं हा वेगळा, गुंतागुंतीचा विषय आहे. पण संसदेत सुनावण्या झाल्या, आईबाप बोलले, आणि १९८९ मध्ये सैनिकी बालसंगोपनाचा कायदा झाला.

हा कायदा मी बँकेचं परिपत्रक वाचावं तसा वाचला. प्रत्येक केंद्राची वर्षातून चार वेळा, न कळवता तपासणी. गैरप्रकार कळवण्यासाठी दूरध्वनीची सोय. प्रत्येक केंद्रात पालकांचं मंडळ. सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाच्या पायरीशी पगार बांधलेला. पालक जेवढे पैसे भरतील साधारण तेवढेच सरकारने घालायचे. यातलं एकही कलम अफाट बुद्धीचं नाही. आमच्याकडे शाखेची अचानक तपासणी व्हायची तेव्हा रोखपाल प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न नसायचाच. रोकड मोजली जायची एवढंच. त्यात रोखपालाचाही मान राहायचा. डोंबिवलीच्या काकूंकडे असं कोणी रोकड मोजायला येत असतं, तर माझी आणि त्यांची दोघींचीही सोय झाली असती. पुढच्या दहा वर्षांत या केंद्रांची अशी काही सुधारणा झाली की १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सैन्यदलांनाच सांगितलं, तुमचा अनुभव देशातल्या नागरी पाळणाघरांना द्या.

असो. इतिहासाने नंबर लागत नाही. जूनमध्ये भाची कामावर रुजू झाली आणि जुलैत भाचेजावयाचं जहाज निघालं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने बाळाच्या पाळण्याचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळले. ते ढिले नव्हते. बाळ आणि मी, आमचं छान जमलं. पण त्या दिवसांत मला आणखी एक अडचण दिसली, जी नंबर लागूनही सुटणार नव्हती. तळावरची केंद्रं साधारण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उघडी. नर्सची पाळी बारा तासांची. बारा तासांची ड्यूटी आणि बारा तासांचं पाळणाघर, हिशेब जुळला असं वाटतं ना? मधला रस्ता कोणी धरायचा? पावणेसातला वॉर्डात हजर, सव्वासातला सुटका. सहाला दार बंद करणाऱ्या केंद्रातून सव्वासातला मूल कसं उचलणार? नौदलाने नॉरफोक आणि हवाईत काही चोवीस तास चालणारी छोटी, घरासारखी केंद्रं काढली आहेत ती याचसाठी. पण त्यांतल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

त्याच सुमारास एके संध्याकाळी भाचीने जेवणाच्या टेबलावर काही कागद पसरले आणि म्हणाली, ‘‘मावशी, तू बँकेतली आहेस, जरा वाच.’’ फॅमिली केअर प्लॅन नावाचा तो प्रकार होता. दोघेही सैन्यात असतील किंवा मूल एकट्याने सांभाळत असतील, तर हा आराखडा लिहून द्यावाच लागतो आणि दरवर्षी पुन्हा तपासून घ्यावा लागतो. उद्या अचानक हुकूम आला आणि जावं लागलं, तर पहिले काही दिवस मूल कोणाकडे? ती व्यक्ती जवळपास राहणारी हवी. आणि पुढचे काही महिने कोणाकडे? त्या माणसाची सही हवी. त्याला मुलाच्या औषधोपचाराचे, शाळेचे निर्णय घेण्याचे अधिकार देणारं मुखत्यारपत्र. मुलाच्या खर्चाची सोय कोणत्या खात्यातून. त्या माणसापर्यंत मूल पोहोचवणार कसं, कोण, कोणत्या पैशाने. मृत्युपत्र केलं आहे का. हा आराखडा देता आला नाही, तर नोकरीही जाऊ शकते.

मी नोकरीत नॉमिनेशनचे फॉर्म हजारोंनी भरून घेतले. लोक ते न वाचता सह्या करतात. पण हा फॉर्म नॉमिनीचा नव्हता, जामीनदाराचा होता. कर्जदार गैरहजर राहिला तर सगळं मी फेडीन, असं लिहून देणारा. आणि इथे कर्ज म्हणजे दात येत असलेला सहा महिन्यांचा मुलगा.

जवळची व्यक्ती म्हणून भाचीच्या वॉर्डातल्या मैत्रिणीची बायकी मदत मिळाली. ती दोन घरं सोडून राहते, तिची स्वतःची दोन मुलं आहेत, तिने एका मिनिटात सही केली. लांबच्या मुदतीसाठी भाचीचा मोठा भाऊ, न्यू जर्सीत असतो तो. तो एका शनिवारी बायकोला घेऊन गाडीने आला. त्याने पेन काढलंच होतं. त्याची बायको, माझी भाचेसून, शांतपणे म्हणाली, ‘‘थांब. किती दिवसांसाठी?’’

कोणी काही बोललं नाही. किती दिवस ते फॉर्ममध्ये नसतं. ते कोणालाच माहीत नसतं.

‘‘आणि परत आली नाही तर?’’ तिने विचारलं.

भाचा लाजला, बायकोवर जरा चिडलाही. घरात असं बोलतात का? भाची मात्र चिडली नाही. ती म्हणाली, ‘‘वहिनी, हेच विचारायचं असतं. हे विचारावं म्हणूनच तो कागद आहे.’’ दोघी रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बोलत बसल्या. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत होते, मुद्दामच. दुसऱ्या दिवशीही सही झाली नाही. तिसऱ्या दिवशी निघताना भाचेसुनेने वहीच्या कागदावर लिहून आणलेली यादी भाचीपुढे ठेवली. बाळाला कोणती लस कधी, अंड्याचं वावडं आहे का, झोपताना कोणतं गाणं लागतं, रडायला लागला की काय केलं म्हणजे थांबतो. ‘‘हे भरून दे, मग आम्ही दोघं सही करतो,’’ ती म्हणाली. बँकेत असते तर या जामीनदारावर मी डोळे मिटून कर्ज मंजूर केलं असतं.

त्या रात्री मला साताऱ्याकडची माझी शाखा आठवली. डोंबिवलीला असताना मुलीपायी मी बढती नाकारली होती, कारण बढती म्हणजे बदली. ती उशिरा, १९९६ मध्ये घेतली आणि तीन वर्षं सातारा जिल्ह्यात काढली. तो जिल्हा सैनिकांचा. जवळच अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. माझ्या शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जवानांच्या बायका पैसे काढायला यायच्या. एकदा एक नवी नवरी नवऱ्याबरोबर संयुक्त खातं उघडायला आली. त्याची रजा संपत आलेली. मी फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर खूण केली, तर तिने विचारलं, ‘‘बाई, सर्व्हायव्हर म्हंजी काय?’’ मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने कॅलेंडरकडे. शेवटी मी म्हटलं, ‘‘दोघांपैकी जो हजर असेल तो पैसे काढू शकतो.’’ तिचं समाधान झालं. मी तिला खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही.

त्या गावांत मुलं कोण सांभाळायचं, हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. सासू होती. जवान सरहद्दीवर, बायको शेतात आणि पोर आजीच्या मांडीवर. आपल्या सैन्याची सगळ्यांत मोठी पाळणाघर व्यवस्था म्हणजे ही नऊवारीतली आजी. तिला कोणी वेतन दिलं नाही, की तिची गुडघेदुखी कुठल्या खर्चात धरली नाही. पण तिथे गणवेश घरात एकच होता. आता तसं राहिलेलं नाही. १९९२ पासून स्त्रिया अधिकारी म्हणून आल्या, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कायम सेवेचा हक्क मान्य केला, आणि मे २०२५ मध्ये आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्याकडे भर रजेवर आहे. स्त्री अधिकाऱ्याला १८० दिवसांची प्रसूती रजा आणि सगळ्या नोकरीत मिळून ३६० दिवसांची बालसंगोपन रजा. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी याच धर्तीच्या रजा स्त्री जवानांनाही देण्याला मंजुरी दिली. रजेच्या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा उदार आहोत, हे मी भाचीला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आणि रजा संपल्यावर?’’ मी म्हटलं, सासू. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की खडकवासल्याच्या त्या मुलींच्या सासवा म्हणजे माझ्या वयाच्या बायका. त्यांतल्या निम्म्या स्वतः नोकरीत असतील आणि उरलेल्या मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नंबर लागला. संध्याकाळी निरोप आला. होकार कळवायला थोडाच वेळ होता आणि भाची वॉर्डात. तिने तो जेवणाच्या सुटीत पाहिला, होकार दिला आणि मग मला फोन केला. बोलली काहीच नाही, नुसती रडली. मला वाटलं जहाजाचं काही. माझ्या हातातली कढी उतू गेली.

परदेशी नागरिक म्हणून मला तळाच्या आत जायला आधी कागदपत्रं द्यावी लागली होती, पण केंद्र पाहायचंच होतं. बाहेरून साधी बैठी इमारत. आत जायला एकच दार, त्यावर नोंद. आतल्या प्रत्येक खोलीच्या दाराला आणि भिंतीला काच, लंगोट बदलायचं टेबलसुद्धा चारचौघांना दिसेल असं. कॅमेरे. कोणाही मोठ्या माणसाने मुलाबरोबर नजरेआड राहू नये अशी सगळी रचना. आधी मला ते तुरुंगासारखं वाटलं. मग खोलीतली बाई दिसली. पन्नाशीची, फिलिपिन्सची, जमिनीवर मांडी घालून बसलेली आणि तिच्या मांडीवर एकाच वेळी दोन बाळं. ती या केंद्रात अठरा वर्षं होती. तिचा नातू पलीकडच्या खोलीत. पन्नासेक मिनिटांत तिने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, मी मात्र तिच्याकडे सारखी पाहत होते. दुपारची वेळ होती. आठांतली पाच मुलं झोपली होती, दोन खेळत होती आणि एक मोठ्याने रडत होतं. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मी निघण्याआधी दहा दिवस आमचा मुलगा तिथे जायला लागला. ड्यूटीच्या दिवशी पहाटे तो दोन घरं सोडून त्या मैत्रिणीकडे, ती सहाला त्याला आपल्या मुलांबरोबर केंद्रात सोडणार, संध्याकाळी सहाला तीच आणणार. बदल्यात तिच्या पाळीच्या दिवशी भाची तिची दोन मुलं बघणार. हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

परवा भाचीचा फोन आला. आराखड्याची वार्षिक तपासणी झाली, न्यू जर्सीच्या दोघांनी पुन्हा सह्या केल्या. मुलगा आता वाक्यं बोलतो, अर्धी इंग्रजी. इकडचं तिकडचं झालं आणि फोन ठेवता ठेवता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘मावशी, तुझा व्हिसा कुठपर्यंत आहे ग?’’

मी म्हटलं, ‘‘कितवा महिना?’’